वाचकांचे प्रश्न : बाळ सांभाळण्याच्या कामासाठी फोटो कोणता लावावा?

प्रश्न : मी भांडुपला चाळीत राहते, वय ४१. मुलुंडच्या एका कुटुंबात सहा वर्षे त्यांचा मुलगा सांभाळला; तो आता पूर्ण वेळ शाळेत जाऊ लागल्याने ते काम संपले. भाच्याने कामे मिळवून देणाऱ्या एका अ‍ॅपवर माझे नाव नोंदवले आणि पुतणीच्या लग्नातला, पैठणी आणि नथ घातलेला माझा फोटो तिथे लावला. महिना होत आला तरी दोनच फोन आले, त्यांतल्या एका बाईंनी तर ‘तुम्ही स्वतः काम करता की बायका पुरवता?’ असे विचारले. माझी जाऊ म्हणते की, त्या मुलाला कडेवर घेतलेला फोटो लाव, म्हणजे अनुभव दिसेल. स्टुडिओत काढलेला पासपोर्ट फोटो आहे, पण त्यात मला इतके गोरे केले आहे की घरचेही हसतात. मला चष्मा आहे, तो काढून फोटो काढावा का?

उत्तर : तुमच्याजवळचे तिन्ही फोटो बाजूला ठेवा आणि एक नवा काढा, असेच मी सुचवेन. त्याला खर्च काही नाही, सकाळची पंधरा मिनिटे पुरतील.

कामासाठीचा फोटो ओळख पटण्यासाठी असतो, ही गोष्ट लग्नाच्या आणि स्टुडिओच्या फोटोंत हरवते. फोन करणाऱ्या आईला तिच्या घरात येणारी बाई कशी दिसते, हे आधी पाहायचे असते. पुढे गेटवरचा वॉचमन सोसायटीच्या नोंदीतल्या फोटोशी तुमचा चेहरा ताडून पाहतो, आणि भेटीच्या दिवशी दार उघडणाऱ्या आजींनाही फोटोतली बाई हीच, असे वाटावे लागते. नथीतली, गोरी केलेली बाई फोटोत आणि सुती साडीतली सावळी बाई दारात, असे झाले, तर पहिल्याच क्षणी समोरच्याच्या मनात शंका येते आणि तुमची सहा वर्षांची नोकरी सांगायची संधी मिळण्याआधीच बोलणे आखडते. रंग उजळवणाऱ्या फिल्टरचा मला याहून वेगळाही राग आहे, पण तो विषय इथे नको. चष्मा मात्र ठेवाच, कारण कामावर तो तुमच्या डोळ्यांवरच असणार आहे. काचेवर उजेड चमकत असेल, तर हनुवटी किंचित खाली घ्या.

जाऊबाईंच्या सल्ल्यामागचा हेतू चांगला असला, तरी तो अजिबात मानू नका. तो मुलगा तुमचा कितीही लाडका असला, तरी त्याचा चेहरा तुमच्या जाहिरातीसाठी वापरायचा अधिकार तुमच्याकडे नाही, आणि अ‍ॅपवरचा फोटो कोण उतरवून घेईल आणि कुठे फिरवील, यावर तुमचा किंवा त्याच्या आईवडिलांचा काहीही ताबा राहत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे, आणि तिची माहिती वापरणाऱ्या कंपन्यांनी आधी पालकांची संमती घ्यावी, असे म्हटले आहे. कंपन्यांना जे बंधन आहे, ते घरात वावरणाऱ्या माणसाने आपणहून पाळले, तर कोणतीही आई त्याची नोंद घेईल. शिवाय फोटो पाहणारी बाई मनात म्हणणार की, आज हिने त्यांचे मूल दाखवले, उद्या माझे दाखवील. मुलाचा चेहरा झाकून किंवा त्यावर फुलाचे चित्र चिकटवून फोटो लावणे हाही मार्ग मला पटत नाही, कारण घर, गणवेश आणि तुमचा चेहरा यांवरून ओळखीच्या माणसाला मूल सहज कळते. अनुभव दाखवायचा असेल, तर तो शब्दांत लिहा : ‘मुलुंड येथे एका कुटुंबात सहा वर्षे मूल सांभाळले, मूल तान्हे असल्यापासून शाळेत जाईपर्यंत.’ त्याच्या आईला विचारून, त्या तुमच्याविषयी फोनवर बोलायला तयार असतील, तर तेही लिहा. त्यांचा नंबर मात्र तिथे न देता, भेट ठरल्यावरच द्या.

आता नवा फोटो. चाळीच्या गॅलरीत सकाळी ऊन थेट पडत नसेल अशा वेळी, उजेडाकडे तोंड करून उभ्या राहा; पाठीमागे कोरी भिंत असावी आणि वाळत घातलेले कपडे, पाण्याची पिंपे किंवा शेजाऱ्यांची मुले त्यात येऊ नयेत. फोटो स्वतः सेल्फीने काढू नका. हातभर अंतरावरून चेहरा, विशेषतः नाक, फुगल्यासारखे दिसते. भाच्याला चार-पाच फुटांवर उभे करून, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन धरून मागच्या कॅमेऱ्याने काढायला सांगा. कपडे कामावर घालता तेच असू द्या. केस बांधलेले, नखे कापलेली, आणि मूल ओढील अशी लांब माळ किंवा लोंबते कानातले नकोत. बाळ सांभाळलेल्या बाईला हे सांगायला नको, पण फोटोत दिसले, तर पाहणाऱ्या आईला ते न सांगता कळते. हसू ओळखीच्या माणसाला पाहून येते तेवढेच पुरे. फोटो कमरेपासून वरचा असावा, आणि डोक्याभोवती थोडी जागा सोडावी, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर तो गोलात कापला जातो. फोनच्या कॅमेऱ्याची सेटिंग उघडून ठिकाणाची नोंद बंद करून घ्या, नाहीतर फोटोच्या फाईलमध्ये तुमच्या घराचा ठावठिकाणाही साठवला जाऊ शकतो.

फोटोनंतर येणाऱ्या मागण्यांकडेही लक्ष ठेवा. ‘उभा, पूर्ण फोटो पाठवा’ असे कुणी म्हटले, तर त्याच कपड्यांतला एक पाठवायला हरकत नाही. ‘आणखी पाठवा’, ‘साडीत नको, दुसऱ्या कपड्यांत पाठवा’ अशी भाषा सुरू झाली की तो नंबर ब्लॉक करा, तिथे काम नाही. खऱ्या गरजू कुटुंबाला व्हिडिओ कॉल चालतो. ओळखपत्र मागितले, तर आधी मास्क्ड आधार द्या, त्यात क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसतात. हाच नवा फोटो पासपोर्ट आकारात, म्हणजे ३५ बाय ४५ मिलिमीटरमध्ये छापून चार-सहा प्रती जवळ ठेवा, फक्त दुकानदाराला ‘उजळवू नका’ असे आधी बजावा. २००८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंदणी केली नसेल, तर त्या अर्जालाही हाच फोटो वापरता येईल.

प्रश्न : आमच्याकडे दिवसभर येणाऱ्या ताईंनी माझ्या आठ महिन्यांच्या मुलीचा फोटो स्वतःचा डीपी म्हणून ठेवला आहे. प्रेमाने ठेवला आहे हे कळते, पण मला अस्वस्थ वाटते. त्यांचे मन न दुखवता कसे सांगावे? (माहीम)

उत्तर : आधी स्वतःचे स्टेटस उघडून पाहा. तिथे, किंवा मुलीच्या आजीच्या डीपीवर तिचा फोटो असेल आणि बंदी फक्त ताईंना असेल, तर त्यांचे मन दुखावणारच, आणि रास्तपणे. नियम घरातल्या सगळ्यांना एकच ठेवा, आणि त्यांना तसेच सांगा : ‘ताई, हिचा फोटो आम्ही कुणीच लावत नाही, तुम्हीही काढून टाकाल का?’ हे त्या एकट्या असताना सांगा, आजींसमोर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर नको. खरे तर ही गोष्ट पगार आणि सुट्ट्या ठरवताना, पहिल्याच दिवशी बोलायची असते. पुढच्या वेळी लक्षात ठेवा. आणि ताई व मुलगी या दोघींचा एक चांगला फोटो छापून, फ्रेम करून ताईंना घरी लावायला द्या.