बाहुलीसाठी मेक्सिकन लोकनृत्याचा घेरदार वेष कसा शिवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साधारण 29 सेंमी उंचीच्या फॅशन बाहुलीला मेक्सिकन नर्तकीचा रंगीत रिबिनींचा पोशाख शिवायचाय; घागरा दोनदा शिवला, दोन्ही वेळा कमरेशी फुगला आणि खाली घेर काही आला नाही.

तुम्ही लांब पट्टी घेऊन कमरेशी चुण्या घातल्या असणार, घोळ तिथेच झाला. या घागऱ्याला खाली दीड मीटरच्या वर घेर लागतो आणि कंबर असते 9 सेंमी. म्हणजे अठरा पट चुण्या. मलमलसुद्धा तेवढी मावत नाही, कमरेशी मडकं तयार होतं. मूळ वेषात घेर येतो गोल कापातून, आपण ज्याला अंब्रेला म्हणतो त्यातून, आणि तोही दोन पूर्ण वर्तुळं जोडून.

आधी वेष कुठला ते ठरवा. मेक्सिकोत प्रत्येक राज्याचा नाचाचा पोशाख वेगळा आहे. वेराक्रुसचा पांढराशुभ्र लेसचा, वर काळा भरतकाम केलेला एप्रन. चिना पोब्लाना म्हणजे पांढरं पोलकं, टिकल्यांनी भरलेला घागरा आणि रेबोसो नावाची ओढणी. हाराबे तापातियो या नाचात पूर्वापार हाच वेष असतो. रिबिनींच्या रांगा, मोठी झालर आणि उंच गळा दिसला की तो हालिस्को राज्याचा, म्हणजे ग्वादालाहारा शहराच्या मुलखातला. तुमचं वर्णन त्याच्याशी जुळतं, म्हणून पुढचं सगळं त्याबद्दल. नाचताना बाई घागरा दोन्ही हातांनी धरून फिरवते, त्याला फाल्देओ म्हणतात. घागरा उघडला नाही तर बाकी कितीही सजवा, हालिस्को वाटत नाही.

कापड टू बाय टू रुबिया घ्या. ब्लाउजपीसवाल्याकडे हवा तो रंग मिळतो, सुळसुळत नाही, पातळ असतं आणि उलटी-सुलटी बाजू सारखीच दिसते. याचा पुढे फायदा आहे. साटीन टाळा, एवढ्या लहान मापात ते ताठ उभं राहतं. 44 इंची पन्ह्याचं अर्धा मीटर पुरतं. कापण्याआधी धुवा, रंग जाणं थांबेपर्यंत. गडद लाल-निळ्याचा डाग बाहुलीच्या अंगावर बसला तर तो निघत नाही, म्हणून चोळीला आतून पांढरं अस्तरही हवंच. साटीन रिबीन 6 मिमीची एका रंगात 4 मीटर आणि 3 मिमीची दोन रंगांत प्रत्येकी 4 मीटर. रंग एकमेकांत मिसळू देऊ नका: राणी रंगावर पिवळा, हिरवा, पांढरा लावा; फिकट गुलाबीवर मोतिया लावलात तर दोन हातांवरून काहीच दिसणार नाही.

मी कंबर 9 सेंमी आणि कंबर ते घोटा 17 सेंमी धरतोय. स्वतःची बाहुली मोजून घ्या, हल्लीच्या भरल्या अंगाच्या बाहुल्यांची कंबर बरीच मोठी असते.

सतरापैकी 5 सेंमी झालर, 12 सेंमी वर्तुळ. कागदावर 14 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, मध्ये 1 सेंमी त्रिज्येचं भोक. भोक एवढंसं का, तर शिलाई कापलेल्या कडेवर येत नाही, अर्धा सेंमी खाली येते. तिथे त्रिज्या दीड होते आणि दोन वर्तुळं मिळून परीघ जवळजवळ 19 सेंमी भरतो. जोडणीत 2 गेले, राहिले 17. ते साडेनऊत (कंबर 9, अर्धा सैलसर) बसवायला हलक्या चुण्या पुरतात. बरेच जण भोकच कमरेच्या मापाने कापतात आणि मग घागरा बाहुलीच्या पायांवरून घसरत येतो. अशी दोन वर्तुळं कापा, दोन्हींना एका ठिकाणी बाहेरून भोकापर्यंत सरळ चीर द्या आणि सध्या फक्त एकच जोड शिवा. दुसरा उघडा ठेवायचा, म्हणजे सगळं काम सपाट होतं.

झालरीसाठी पन्ह्याभर लांबीच्या, 6 सेंमी रुंदीच्या तीन पट्ट्या. प्रत्येकीचे 85 सेंमी वापरा. उरलेले 27 सेंमीचे तुकडे टाकू नका, छातीवरची झालर त्यातच निघते.

रिबीन चुण्या घालण्याआधी लावायची, पट्टी सपाट असताना. आणि लावायची ती झालरीवर, वर्तुळावर नाही. साटीन रिबीन ताणली जात नाही, त्यामुळे ती वळत नाही. गोल कडेवर शिवलीत की आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि इस्त्रीनेही जात नाहीत. वर्तुळावर रांग हवीच असेल तर झिगझॅग लेस लावा, ती वळते.

तीन पट्ट्या एकापुढे एक जोडून खालची कड अर्धा सेंमी सुलट बाजूला दुमडा, उलट नव्हे. त्या उघड्या कडेवर 6 मिमीची रिबीन बसवली की कड झाकली जाते, वेगळी तुरपाई लागत नाही आणि खाली थोडं वजन येऊन घागरा छान झुलतो. रुबिया दोन्हीकडून सारखं असल्यामुळेच हे जमतं. तिच्यावर 7-7 मिमी अंतराने बारीक रिबिनीच्या दोन रांगा. टाचण्यांची भोकं साटीनवर राहतात. शाळेत वापरतात त्या ग्लू स्टिकचा पुसटसा हात फिरवून चिकटवा, वाळली की शिवा. सुई 9 किंवा 11 नंबरची, टाका 2 मिमीचा. रुंद रिबिनीच्या दोन्ही कडा एकाच दिशेने शिवा. एक जाताना आणि एक येताना शिवलीत तर रिबीन पिळवटते. रिबीन ओढू नका, नुसती पायाखाली सरकवत राहा. 3 मिमीच्या रिबिनीला मधोमध एकच शिलाई. इस्त्री मध्यम, वर सुती फडकं टाकून.

आता चुण्या. वरच्या कडेपासून 3 आणि 7 मिमीवर 4 मिमी टाक्याच्या दोन ओळी, वरच्या दोऱ्याचं टेन्शन सैल करून. अडीच मीटर एका दमात ओढायला गेलात तर दोरा मध्येच तुटणारच. प्रत्येक जोडाशी थांबा, दोरे सोडा, पुन्हा सुरू करा. तीन भाग होतात: प्रत्येकी 84 सेंमीची पट्टी घागऱ्याच्या 56 सेंमीवर बसवायची. त्याचे पुन्हा चार भाग करून खुणा करा, म्हणजे 21 ला 14. ही दीडपट पुरेशी आहे. दुप्पट केलीत तर एवढ्या रिबिनींच्या वजनाने वर्तुळ खाली ओढलं जातं आणि घेर मिटतो. दोन ओळींच्या मधून, 5 मिमीवर पक्की शिलाई. मग उघडा ठेवलेला जोड खालून वर शिवत या. रिबिनींच्या रांगा समोरासमोर येतायत ना ते आधी टाचून बघा, इथे दोन मिलिमीटरचा फरकसुद्धा लांबून दिसतो. वरचे 4 सेंमी उघडेच ठेवा, नाहीतर तयार वेष बाहुलीच्या कुल्ल्यांवरून चढणार नाही.

चोळीचा कागद विकत घ्यायची गरज नाही. बाहुलीच्या धडाला स्वयंपाकघरातला क्लिंग रॅप गुंडाळा, वर कागदी चिकटपट्टी लावा, पेनाने खांदा, मुंढा (बाही जोडायची गोलाई), कूस (बाजूची शिलाई) आणि पाठीची मधली रेघ काढा आणि कापून सोडवा. पुढचा भाग अखंड ठेवून दोन टक्स (आकारासाठी घेतलेल्या चिमट्या), पाठीचे दोन भाग. कडेने अर्धा सेंमी सोडा, पाठीत मात्र एक, कारण बटणाला जागा लागते. गळ्याला जेमतेम 1 सेंमीची उभी पट्टी. बाही वर फुगीर, खाली अंगाबरोबर: वरची कड मुंढ्याच्या मापाच्या पावणेदोन पट घ्या, मनगटाशी मात्र मनगट न मोजता पंजा मोजा. बाही कूस शिवण्याआधी, सपाट असतानाच जोडा. एवढ्याशा गोल मुंढ्यात बाही बसवणं मशीनवर जमतच नाही. घालताना बाहुलीची बोटं अस्तरात अडकतात, पंजावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळला की हात सरळ आत जातो.

छातीवरच्या झालरीसाठी 27 सेंमीचा तुकडा साडेतीन सेंमी रुंद कापा. घागऱ्यासारखीच खालून दुमडून रिबीन, वर बारीक रिबिनीची एक रांग. चुण्या घालून पाठीच्या एका कडेपासून खांद्यावरून पुढे, छातीच्या मध्यावर टोकदार आणि परत दुसऱ्या कडेपर्यंत. वरची कड रिबिनीने झाका. हे काम गळपट्टी लावण्याआधी.

घागरा चोळीला जोडताना बहुतेक चुण्या पाठीकडे आणि बाजूंना सरकवा, पोटावर कमी ठेवा. बंदाला वेल्क्रो नको. तो जाड पडतो आणि साटीनचे धागे व बाहुलीचे केस दोन्ही ओढतो. सर्वात लहान टिचबटणं तीन, एक गळ्याशी, एक मध्ये, एक कमरेवर.

आत पांढरा परकर हवाच, नाचताना तो दिसतो. कॅम्ब्रिकचं एकच वर्तुळ, घागऱ्यापेक्षा सेंटिमीटरभर आखूड, कडेला लेस. तो कमरेच्या शिलाईत घेऊ नका, जाडी वाढते. भोक जरा मोठं कापून इलॅस्टिकच्या दोऱ्याने धावदोरा घाला, वेगळा चढवता येतो.

केसांच्या दोन वेण्या, प्रत्येकीत 40 सेंमी रिबीन गुंफून, डोक्यावर मुकुटासारख्या आडव्या बांधायच्या. रिबिनीची टोकं मेणबत्तीच्या ज्योतीजवळून नुसती फिरवा, आत धरू नका.

आणि बाहुली हात खाली सोडून उभी राहिली तर एवढा घेर वाया जातो. झालर जिथे जोडलीय तिथे आतून, मागच्या-पुढच्या मध्यापासून सारख्या अंतरावर दोन्ही बाजूंना दोऱ्याचा एकेक छोटा फास करा आणि तो मनगटात अडकवा. कोपर वाकत असेल तर हात वर-खाली ठेवा, एक खांद्याजवळ आणि एक कमरेशी.