आधी तो स्टेटस कॉलम बघ

प्रिय मित्रा,

तू पाठवलेली आकृती काल रात्री निवांत पाहिली. ऑर्डर, पेमेंट, साठा, इनव्हॉइस, नोटिफिकेशन, युजर असे सहा चौकोन, प्रत्येकाला आपापला डेटाबेस आणि मध्ये बाण. मेहनत दिसते आहे. खाली तू विचारलं आहेस, की मोनोलिथ, म्हणजे आजचा एकसंध प्रोग्रॅम, फोडून या सहा स्वतंत्रपणे चालणाऱ्या सर्व्हिसेस करायच्या का. टीममधले अर्धे हो म्हणतात, अर्धे नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. पेमेंट वेगळं काढ, नोटिफिकेशन वेगळ्या वर्करवर (पाठीमागं स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅमवर) टाक, बाकीचे चार आहेत तिथंच राहू देत. पण हे मत टीमपुढं तसंच ठेवू नकोस. त्याआधी एक गोष्ट शोधून काढ: ऑर्डर टेबलमधला स्टेटस हा कॉलम आज किती ठिकाणांहून वाचला जातो?

हे का विचारते ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते तिथं अशीच ऑर्डरची सिस्टीम होती. स्टेटसच्या पाच व्हॅल्यू होत्या: नवीन, पैसे मिळाले, रवाना, पोचली, रद्द. मग सहावी हवी झाली, अंशतः रवाना. चार वस्तूंपैकी दोन आज गेल्या, दोन पुढच्या आठवड्यात जाणार, इतकी साधी गरज. काम माझ्याकडं आलं आणि मी दोन दिवसांचा अंदाज दिला. शोधायला बसले तर त्या कॉलमवर तुलना करणाऱ्या १४ जागा सापडल्या. रिपोर्टमध्ये, इनव्हॉइसमध्ये, ईमेलच्या टेम्प्लेटमध्ये, ग्राहकसेवेच्या स्क्रीनवर. चौदाही बदलल्या, टेस्ट लिहिल्या, रिव्ह्यू झाला, प्रोडक्शनला गेलं.

पंधरावी जागा आमच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवायच्या जागेत, नव्हतीच. डेटाबेसमध्ये एक स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसच्या आतच साठवलेला छोटा प्रोग्रॅम) होती, रोज रात्री चालणारी, रद्द झालेल्या ऑर्डरचे पैसे परत करणारी. तिच्यात अट होती, की रद्द होण्याआधीचं स्टेटस ‘रवाना’ नसेल तर पूर्ण रक्कम परत कर. ज्यांच्या दोन वस्तू घरी पोचल्या होत्या आणि ज्यांनी उरलेल्या दोन रद्द केल्या, त्यांना चारही वस्तूंचे पैसे परत गेले. असं सलग तीन रात्री झालं. चौथ्या दिवशी हिशेब बघणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं आणि त्या थेट माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

ती अट मला अजून डोळ्यांपुढं दिसते. लिहिणाऱ्यानं लिहिली तेव्हा ती बरोबर होती. ‘यातला माल बाहेर गेला आहे का’ या प्रश्नाचं उत्तर द्यायचं काम सिस्टीममध्ये कोणाकडंच सोपवलेलं नव्हतं, त्यामुळं पंधरा जागा ते उत्तर आपापल्या अकलेनं त्या कॉलमवरून काढत होत्या. नंतर आम्ही तो प्रश्न ऑर्डर मॉड्यूलचं एक फंक्शन केला, कॉलम इतरांना वाचायला बंद केला, आणि त्या कामाला तीन आठवडे गेले.

आता तीच सिस्टीम तुझ्या आकृतीसारखी सहा सर्व्हिसेसमध्ये असती तर काय झालं असतं? ऑर्डर सर्व्हिसनं तेच स्टेटस जेसनमधून (माहिती पाठवायच्या साध्या मजकुराच्या साच्यातून) पाठवलं असतं आणि बाकीच्यांनी त्यावर तशाच तुलना केल्या असत्या. पंधरा जागा पंधराच राहिल्या असत्या. शोधायला मात्र सहा रिपॉझिटऱ्या धुंडाळाव्या लागल्या असत्या, आणि सगळ्यांचं डिप्लॉयमेंट (नवा कोड प्रत्यक्ष चालू करणं) एकमेकांशी जुळवत बसावं लागलं असतं.

हा विचार जुना आहे. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली एक छोटा शोधनिबंध लिहिला, प्रोग्रॅमचे मॉड्यूल कशाच्या आधारावर पाडायचे यावर. उदाहरण अगदी लहान आहे. काही ओळी वाचायच्या, प्रत्येक ओळीतला पहिला शब्द उचलून शेवटी टाकत तिची सगळी फिरलेली रूपं काढायची, आणि ती अक्षरानुक्रमे लावून छापायची. हा प्रोग्रॅम त्यांनी दोन प्रकारे तोडून दाखवला. पहिल्या रचनेत कामाच्या पायऱ्यांची मॉड्यूल आहेत: वाचणारं एक, फिरवणारं एक, क्रम लावणारं एक, छापणारं एक. फळ्यापुढं उभं राहिल्यावर आपल्यापैकी बहुतेक जण हीच काढतील. दुसऱ्या रचनेत प्रत्येक मॉड्यूल एकेक निर्णय पोटात ठेवून आहे. ओळी मेमरीत कशा साठवल्या आहेत हे एकालाच ठाऊक, इतरांनी त्याला ‘अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं अमुक अक्षर दे’ एवढंच विचारायचं. मग साठवायची पद्धत बदलली तर काय? पहिल्या रचनेत सगळी मॉड्यूल उघडावी लागतात, दुसऱ्या रचनेत एक.

तुझे सहा चौकोन बव्हंशी पहिल्या जातीचे आहेत. ऑर्डर येते, साठा कमी होतो, पैसे घेतले जातात, इनव्हॉइस निघतं, ग्राहकाला निरोप जातो. हा एका ऑर्डरचा प्रवास आहे, आणि त्या प्रवासाच्या टप्प्यांवर तू रेघा मारल्या आहेस. पार्नास यांचा सल्ला असा, की अवघड निर्णयांची आणि जे बदलण्याची शक्यता आहे अशा निर्णयांची यादी आधी करावी आणि मॉड्यूल त्या यादीवरून पाडावेत.

काय बदलतं हे बैठकीत ठरवत बसू नका, तिथं ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. तुझ्याकडं गिट आहे, कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं. गेल्या सहा महिन्यांचे कमिट, म्हणजे नोंदलेले बदल, काढ, प्रत्येकात कुठल्या फाइली बदलल्या ते छाप, आणि कुठल्या फाइली पुन्हापुन्हा जोडीनं येतात ते मोज. दुपारभराचं काम आहे. फॉरमॅटिंगचे किंवा लायब्ररी अपग्रेडचे मोठे कमिट आधी बाजूला काढ, नाहीतर सगळंच सगळ्याला चिकटलेलं दिसेल. ऑर्डर आणि साठा यांच्या फाइली दर तिसऱ्या-चौथ्या कमिटला बरोबर येत असतील, तर त्या दोघांच्या मध्ये नेटवर्क घालायला मी तुला कधीच सांगणार नाही.

आता बाणांकडं, म्हणजे एका सर्व्हिसनं दुसरीला पाठवायच्या विनंत्यांकडं, वळते. एकाच चालू प्रोग्रॅमच्या आत फंक्शन कॉल काही नॅनोसेकंदांत होतो. त्याच डेटासेंटरमधल्या दुसऱ्या मशीनकडं जाऊन यायला साधारण अर्धा मिलिसेकंद लागतो, म्हणजे फरक लाखपटीच्या घरात आहे. तरी तुमच्या वापराला हा वेळ जाणवणार नाही. मला काळजी वाटते ती उपलब्धतेची. समज, प्रत्येक सर्व्हिस ९९.९ टक्के वेळ चालू असते, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटं बंद. एक ऑर्डर पुरी व्हायला सहाही चालू लागत असतील आणि त्या वेगवेगळ्या वेळी बंद पडत असतील, तर ०.९९९ चा सहावा घात काढ. ९९.४ टक्के येतात. महिन्याला चार तासांहून जास्त वेळ ऑर्डर घेता येणार नाही, आणि त्यात एकाही सर्व्हिसनं आपला शब्द मोडलेला नसेल.

याहून मोठं दुखणं टाइमआउटचं. ऑर्डर सर्व्हिसनं पेमेंटला विनंती पाठवली, तीन सेकंद थांबली, उत्तर आलं नाही. पैसे कापले गेले का? विनंती पोचलीच नसेल. किंवा पोचली, पैसे कापले, आणि उत्तर वाटेत हरवलं. किंवा पोचली आहे आणि काम अजून चालू आहे. ऑर्डर सर्व्हिसला तिन्ही सारख्याच दिसतात. पुन्हा पाठवावं तर पैसे दोनदा कापले जाण्याची भीती, न पाठवावं तर ग्राहक ताटकळत बसलेला. म्हणून ऑर्डर तयार होतानाच एक युनिक की तयार करायची, ती डेटाबेसमध्ये लिहायची, आणि मगच विनंती पाठवायची. प्रत्येक रिट्रायला, म्हणजे पुन्हा पाठवताना, तीच की जायला हवी. पेमेंटच्या बाजूला त्या कीवर युनिक इंडेक्स ठेवायचा, म्हणजे तीच की दोनदा नोंदता येणार नाही, आणि की आधीच नोंदलेली असेल तर पैसे न कापता पहिल्या वेळचं उत्तर परत द्यायचं. ते काम अजून चालू असेल तर तसं कळवायचं. हे सगळं व्यवस्थित करून कोणीतरी ती की रिट्रायच्या लूपच्या आत, म्हणजे दर वेळी नवी, तयार करतो आणि सगळंच मुसळ केरात जातं. रिव्ह्यूमध्ये मी ही चूक इतक्या वेळा पाहिली आहे, की पेमेंटचा कोड उघडला की माझी नजर पहिल्यांदा तिथं जाते.

एका बाणामागं एवढं काम आहे. तुझ्या आकृतीत नऊ बाण आहेत.

बाणावरून काय जातं तेही लिहून ठेवावं लागतं. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोचून नष्ट झालं, त्याचं मूळ अशाच एका सीमेवर होतं. एका सॉफ्टवेअरनं थ्रस्टरचा आवेग पाउंड-फोर्स सेकंदांत दिला, दुसऱ्यानं तो न्यूटन सेकंदांत आहे असं धरून वापरला, आणि आकडा जवळजवळ साडेचार पटींनी चुकत राहिला. तुझ्या पेमेंटच्या एपीआयमध्ये, म्हणजे इतरांनी विनंती कशी पाठवायची त्या करारात, ‘रक्कम’ नावाचं फील्ड आहे. ती चलनाच्या मुख्य एककात आहे की त्याच्या शंभराव्या भागात, हे मला दस्तऐवजात कुठंच सापडलं नाही. फील्डच्या नावातच एकक घाल. एकाच कोडबेसमध्ये हे टाइपवरून पकडता आलं असतं, जेसनमध्ये तो नुसता आकडा होतो.

पत्रात तू सहज लिहिलं आहेस, की टीममध्ये तुम्ही पाच जण आहात. मला ते वाक्य आकृतीपेक्षा महत्त्वाचं वाटलं. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ सालीच मांडलं होतं, की एखादी संस्था जी रचना करते तिच्यात त्या संस्थेतल्या आपसातल्या संवादाचीच नक्कल उतरते. तुम्ही पाच जण दिवसभर एकमेकांशी बोलत काम करता, त्यामुळं तुमच्या सहा सर्व्हिसेस हळूहळू एकमेकींच्या डेटाबेसमध्ये डोकावायला लागतील. कोणी वाईट वागेल म्हणून नव्हे, शेजारच्याला विचारून एक क्वेरी लिहिणं एपीआय वाढवण्यापेक्षा सोपं असतं म्हणून. चाळीस माणसं एका डिप्लॉयमेंटसाठी रांग लावून थांबली असती तर मीच तुला फोड म्हणाले असते.

तर माझ्या मतामागची कारणं. पेमेंट वेगळं, कारण पैसे घेणाऱ्या बाहेरच्या गेटवेचे नियम त्यांच्या वेळापत्रकानं बदलतात, आणि पेमेंटची गुपितं जितक्या कमी कोडला दिसतील तितकं बरं. नोटिफिकेशन वेगळं, कारण ते दहा मिनिटं उशिरा गेलं तरी ऑर्डर अडत नाही. फक्त ऑर्डर सेव्ह करून मग क्यूमध्ये (वर्करसाठीच्या कामांच्या रांगेत) मेसेज टाकायचा असं करू नकोस, दोन्हींच्या मध्ये प्रोसेस बंद पडली की निरोप कायमचा हरवला. ऑर्डर ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये (त्यातले बदल सगळे होतात किंवा एकही होत नाही) लिहितोस त्यातच एका आउटबॉक्स टेबलमध्ये ओळ टाक, आणि वर्करला तिथून उचलू दे. तो कधीमधी एकच ओळ दोनदा उचलेल, ते धरून चाल.

ऑर्डर आणि साठा एकत्र, याचं कारण शेवटचा नग. दोन ग्राहक एकाच क्षणी तो मागतात. आज तुमच्याकडं एका ट्रान्झॅक्शनमध्ये ‘साठा शून्याहून जास्त असेल तरच एकानं कमी कर’ असं अपडेट आहे, आणि एकही ओळ बदलली नाही तर रोलबॅक, म्हणजे सगळं मागं. दोन डेटाबेस झाले की नग राखून ठेवणं, राखीव मुदत संपणं, तो मोकळा करणं, मोकळा करताना बिघडलं तर पुन्हा करणं, हे सगळं तुम्हाला हातानं लिहावं लागेल. इनव्हॉइस आणि युजरही आतच राहू देत, पण एका मॉड्यूलनं दुसऱ्याच्या टेबलवर क्वेरी लिहायची नाही, आणि हे बिल्डमध्येच तपासलं गेलं पाहिजे. नुसतं ठरवून ते दोन महिनेही टिकत नाही. पुढं खरंच फोडायची वेळ आली तर याच रेघांवर फोडता येईल.

जे ठरेल ते लिहून ठेव. मायकेल नायगार्ड यांनी २०११ साली सुचवलेला साचा पुरेसा आहे: संदर्भ, निर्णय, त्याची सद्यस्थिती, परिणाम. एक पान, कोडशेजारीच रिपॉझिटरीत. माझ्याकडून त्यात एक भर, ‘कुठली गोष्ट बदलली तर हा निर्णय पुन्हा उघडायचा’ तेही लिही. तुमच्या बाबतीत ते टीममधल्या माणसांचा आकडा असेल, असं मला वाटतं. आणि जे लोक आज ‘फोडा’ म्हणताहेत त्यांची कारणं त्यांच्याच शब्दांत त्या पानावर येऊ देत, दोन वर्षांनी तीच उपयोगी पडतील.

बैठक गुरुवारी आहे ना? त्याआधी स्टेटस वाचणाऱ्या जागांची यादी कर. कोडमध्ये शोधून थांबू नकोस. स्टोअर्ड प्रोसीजर बघ, ट्रिगर बघ, रात्रीचे जॉब बघ, रिपोर्टिंग टूलमध्ये कोणी हातानं लिहून ठेवलेल्या क्वेऱ्या बघ, आणि हिशेब बघणाऱ्यांना विचार की ते रोज कुठली एक्सेल फाइल डाउनलोड करतात. यादी झाली की बुधवारी संध्याकाळपर्यंत पाठव, मी रात्री बसून बघते.