रॉ फुटेज फिकट का दिसते?

प्रश्न : मी सांगलीत लग्नसमारंभांचे चित्रीकरण करतो. यंदा प्रथमच दोन ब्लॅकमॅजिक पॉकेट ६के कॅमेरे भाड्याने घेऊन आषाढी वारीवर एक छोटा माहितीपट चित्रित केला. सर्व चित्रीकरण 'ब्लॅकमॅजिक रॉ'मध्ये, सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने केले आहे. दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फुटेज घेतले तेव्हा चित्र फिकट आणि राखाडी दिसले, दुसऱ्या कॅमेऱ्याचे दिवसाचे चित्रीकरण तर निळसर दिसते, शिवाय लॅपटॉप जागोजागी अडखळतो. आयात करतानाची सेटिंग्ज कशी ठेवावीत?

उत्तर : आपले फुटेज बिघडलेले नाही, याची प्रथम खात्री बाळगावी. रॉ फाइल हे तयार चित्र नसते. सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूपुढे लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच गाळणपडदा असतो. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या या रचनेत निम्मे बिंदू हिरव्याचे आणि पाव-पाव लाल व निळ्याचे असतात. या अर्धवट माहितीतून पूर्ण रंगाचे चित्र घडवण्याच्या क्रियेला डिबेअरिंग म्हणतात. ब्लॅकमॅजिक रॉमध्ये तिचा काही भाग कॅमेऱ्यातच होत असला तरी व्हाइट बॅलन्स (पांढरे कशाला धरायचे), आयएसओ (प्रकाशाला संवेदनक्षमता) आणि गॅमा (उजेड-सावलीची उतरंड) काय धरायचे हे संकलनाच्या वेळीच ठरते, आणि आपण ज्यांना आयातीची सेटिंग्ज म्हणता ती म्हणजे हाच निर्णय होय.

मात्र त्याआधी एक गोष्ट पाहावी. रिझॉल्व्हचा नवा प्रोजेक्ट मुळात २४ फ्रेमचा असतो आणि त्यात पहिली २५ फ्रेमची क्लिप टाकताच फ्रेम रेट बदलायचा का, असा प्रश्न पडद्यावर येतो. मी स्वतः एकदा घाईत 'डोन्ट चेंज' दाबले आणि दोन दिवस संकलन केल्यावर, चालत्या माणसांच्या हालचालीत अधूनमधून बसणारा धक्का कशाचा आहे हे लक्षात आले. क्लिप असलेल्या टाइमलाइनचा (क्लिप क्रमाने मांडण्याच्या पट्टीचा) फ्रेम रेट नंतर बदलता येत नाही, त्यामुळे ते सर्व काम नव्या टाइमलाइनवर पुन्हा मांडावे लागले. म्हणून प्रोजेक्ट रिकामा असतानाच प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये २५ नोंदवावे.

आता फिकटपणाविषयी. कॅमेऱ्यात डायनॅमिक रेंज 'फिल्म' ठेवली असेल, तर उजेड आणि सावली या दोन्हींतील तपशील जपण्यासाठी चित्र मुद्दाम सपाट नोंदवले जाते, आणि प्रोजेक्ट सेटिंग्जमधील 'कॅमेरा रॉ' या पानावर 'डिकोड युझिंग'पुढे 'कॅमेरा मेटाडेटा', म्हणजे कॅमेऱ्याने नोंदवलेली सेटिंग्ज, असल्यामुळे रिझॉल्व्ह ते तसेच दाखवतो. ही निवड बदलून 'प्रोजेक्ट' करावी आणि सगळ्यांना एकच गॅमा, एकच केल्व्हिन (प्रकाशाच्या रंगतापमानाचे एकक) द्यावे, असा सल्ला आपल्याला अनेकांकडून मिळेल. वारीसारख्या फुटेजसाठी मला तो पटत नाही, कारण दुपारच्या उन्हातील रिंगण आणि रात्री ट्यूबलाइटखालचे कीर्तन यांना एकाच रंगतापमानात बसवले, तर चित्रीकरण करणाऱ्याने जागेवर घेतलेला योग्य निर्णयही पुसला जातो. म्हणून कॅमेरा मेटाडेटा तसाच राहू द्यावा आणि 'कलर मॅनेजमेंट'च्या पानावर 'दाविंची वायआरजीबी कलर मॅनेज्ड' निवडून आउटपुट 'रेक. ७०९' (एचडी पडद्यांसाठीचे रंगांचे प्रमाण) ठेवावे. रॉ क्लिपचा रंगावकाश रिझॉल्व्ह स्वतः ओळखतो, त्यामुळे प्रत्येक क्लिपसाठी तो वेगळा सांगावा लागत नाही आणि फिकटपणा एकदमच जातो.

निळसर चित्राचे कारण बहुधा असे असावे की, दुसऱ्या कॅमेऱ्यावर आदल्या रात्रीचे ३२०० केल्व्हिन तसेच राहिले आणि सकाळी उन्हात चित्रीकरण सुरू झाले. कलर पेजवर त्या कॅमेऱ्याची एक क्लिप घेऊन कॅमेरा रॉच्या चौकटीत 'डिकोड युझिंग' हे 'क्लिप' करावे, कलर टेम्परेचर ५६०० च्या आसपास आणावे आणि एखाद्या वारकऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहून टिंट (हिरवट-गुलाबी छटा) जुळवावा. नंतर उन्हातील उरलेल्या तेवढ्याच क्लिप निवडून 'यूज सेटिंग्ज' दाबले की तीच मूल्ये सर्वांना लागू होतात. साध्या व्हिडिओत ही चूक दुरुस्त करताना निळ्याखाली दबलेला त्वचेचा रंग क्वचितच पूर्ण परत येतो, येथे मात्र तो खरोखर परत येतो, आणि एवढ्या जड फाइल सांभाळण्याचे सार्थक मला यातच वाटते.

आयएसओच्या बाबतीत मोकळीक मर्यादित आहे. आपल्या कॅमेऱ्याचे मूळ आयएसओ दोन आहेत, ४०० आणि ३२००. पहिल्यावर घेतलेली क्लिप संकलनात १०० ते १००० या टप्प्यातच फिरवता येते, तर दुसऱ्यावर घेतलेली १२५० ते २५६०० या टप्प्यात. फ्रेम रेट, शटर आणि फोकस कोणत्याही सेटिंगने बदलत नाहीत. आकाश पूर्ण पांढरे झाले असेल, तर 'हायलाइट रिकव्हरी' फक्त त्या क्लिपवर लावून पाहावी. एखाद्या रंगाची माहिती शिल्लक असेल तरच तिचा उपयोग होतो.

लॅपटॉप अडखळतो यात नवल नाही. ६१४४ बाय ३४५६ बिंदूंची १२ बिटची एक फ्रेम मुळात सुमारे ३२ एमबीची होते आणि ८:१ या प्रमाणात दाबल्यावरही २५ फ्रेमसाठी सेकंदाला जवळपास १०० एमबी, म्हणजे तासाला सुमारे ३६० जीबी वाचावे लागतात. कॅमेरा रॉच्याच पानावर 'डिकोड क्वालिटी' पाव म्हणजे 'क्वार्टर' करावी, कामात लगेच फरक पडेल. परंतु अंतिम फाइल काढताना डिलिव्हर पेजच्या अॅडव्हान्स्ड भागात 'फोर्स डिबेअर टू हायेस्ट क्वालिटी' या खुणेवर आवर्जून टिचकी मारावी, नाहीतर तीही कमी दर्जातच निघू शकते. निम्म्या दर्जावर रुंदी ३०७२ बिंदूंची उरते. १९२०च्या फुल एचडीला ती पुरते, मात्र ३८४०च्या यूएचडीला अपुरी पडते, आणि हा दोष छोट्या पडद्यावर सहसा लक्षात येत नाही.

प्रश्न : त्याऐवजी सर्व फुटेज प्रोरेस या तयार चित्राच्या व्हिडिओ प्रकारात रूपांतरित करून मूळ फाइल काढून टाकल्या तर?

उत्तर : कृपया तसे करू नये. रूपांतर होताच व्हाइट बॅलन्स आणि आयएसओ चित्रात कायमचे मुरतात आणि वर सांगितलेली निळ्या क्लिपची दुरुस्ती मग शक्य होत नाही. रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून 'जनरेट प्रॉक्सी मीडिया' निवडल्यास संकलनासाठी हलक्या प्रती मिळतात आणि मूळ फाइल शाबूत राहतात. कार्डावरील फोल्डर नावे न बदलता जसेच्या तसे दोन डिस्कवर उतरवावेत. त्यासाठी मीडिया पेजवरील 'क्लोन टूल' वापरणे उत्तम, कारण ते चेकसमने (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याने) प्रत पडताळून पाहते. क्लिपच्या नावाची 'साइडकार' फाइल दिसली तर तीही शेजारीच ठेवावी, कारण बदललेली रॉ सेटिंग्ज तीत असतात. ती काढली तर कॅमेऱ्याने नोंदवलेली मूळ सेटिंग्ज परत दिसू लागतात.