तेलातील तांबूस पापुद्रे

प्रश्न : माझ्या तीन सिलिंडरच्या डिझेल ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल बदलताना बुचातून चमकणारे बारीक पापुद्रे निघाले. इंजिन तापल्यावर ऑइल प्रेशरचा दिवाही अधूनमधून लागतो. आवाज मात्र नाही. नवे ऑइल घालून हंगाम काढावा, असे मेकॅनिक म्हणतो. तसे करावे का?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : छाटणीनंतरच्या फवारण्या चालू असताना ट्रॅक्टर उभा ठेवणे किती जड जाते, याची कल्पना आहे, तरीही खात्री होईपर्यंत आपण तो चालवू नये. नव्या ऑइलमुळे पापुद्रे दिसेनासे होतील, झीज चालूच राहील.

पापुद्रे रॉकेलमध्ये धुऊन पांढऱ्या कागदावर पसरावेत आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवावे. हलतील ते लोखंडाचे. न हलणारे रुपेरी असतील तर निदान अवघड आहे, कारण ॲल्युमिनियम पिस्टनचेही असू शकते आणि क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, बसणाऱ्या काही बेअरिंगांच्या अस्तराचेही. तांबूस असतील तर मात्र संशय बेअरिंगवर जातो. अनेक डिझेल इंजिनांत बेअरिंगच्या पोलादी पाठीवर तांबे-शिशाचा थर आणि त्यावर शिसे-कथिलाचा, मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतका, पातळ मुलामा असतो. कल्हई उडालेल्या भांड्यासारखा तो झिजला की खालचे तांबे उघडे पडते. पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकाची बुशही तांबूस असते, हे लक्षात असावे. फिल्टरही कापून पाहावा, पण करवतीने नव्हे. तिचाच कीस आत पडतो आणि नसलेला रोग दिसू लागतो.

दिव्याचा स्विच बिघडलेला असू शकतो, म्हणून एरवी मी तेथे मीटर लावून दाब मोजायला सांगितले असते. परंतु पापुद्रे तांबूस निघाल्यास तेवढ्यासाठीही इंजिन सुरू न करता थेट चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवावे. आवाज नाही यावर विसंबू नये, कारण ठोका ऐकू येईपर्यंत बहुधा क्रँकही खराब झालेला असतो. बेअरिंगच्या कॅप एकेक करून, क्रमांक आणि दिशेची खूण करूनच काढाव्यात. क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर) नख अडकत नसेल आणि माप पुस्तकाप्रमाणे भरत असेल, तर नवी बेअरिंगे पुरतील. अन्यथा ग्राइंडिंग करून 0.25 मिमी अंडरसाइज (बारीक झालेल्या जर्नलला बसणारी) बेअरिंगे बसवावी लागतील.

जोडणीपूर्वी क्रँकमधील व ब्लॉकमधील ऑइलचे मार्ग, पंप आणि असल्यास ऑइल कूलर धुवून घ्यावा. काढलेल्या ऑइलला डिझेलचा वास येतो का, त्यात पाणी उतरले आहे का, हेही पाहावे. तसे असेल तर ती गळती आधी काढावी.