पहिल्यांदाच पीसीबी (पार्ट बसवायचा छापील सर्किट बोर्ड) डिझाइन केलाय. ऑर्डर देण्याआधी कुणाला आणि कसा दाखवू?

तुम्ही लिहिलंय की कीकॅड या बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन लेअरचा (दोन्ही बाजूंना तांबं असलेला) बोर्ड तयार आहे, डीआरसीत म्हणजे त्यातल्या नियम-तपासणीत एकही एरर नाही आणि दोन मित्र "मस्त दिसतोय" म्हणालेत. त्या दोघांचं मत सोडून द्या. मीही माझा पहिला बोर्ड "मस्त" ऐकूनच ऑर्डर केला होता.

मामांची विहीर नारायणगावजवळ. शेतीची लाइट पाळीनं रात्री येते, तेव्हा मोटर बंद करायला मामा बॅटरी घेऊन अंधारात जायचे. म्हणून मी एटमेगा ३२८ या मायक्रोकंट्रोलर आयसीवर टायमर केला. ठरलेली मिनिटं झाली की बोर्डवरचा रिले (छोटा इलेक्ट्रिक स्विच) स्टार्टरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा करंट जोडणारा कॉइलवरचा मोठा स्विच, सोडणार. लेआउट (बोर्डवरची पार्ट आणि ट्रॅकची मांडणी) छापून तेव्हाच्या कंपनीतल्या सिनियरना दाखवला. आयुष्यभर बोर्डच केलेला माणूस. चहा संपेपर्यंत त्यांनी कागद न्याहाळला आणि म्हणाले, "मस्त, पाठव."

घरी टेबलावर बल्ब लावून दोन दिवस चालवला, एकदाही अडकला नाही. विहिरीवर मात्र कॉन्टॅक्टर सुटला की कंट्रोलर रीसेट व्हायचा, प्रोग्राम पहिल्यापासून सुरू आणि मोटर पुन्हा चालू. शेवटी मामांनी मेन स्विच पाडला, तोवर वाफे फुटून पाणी रस्त्यावर आलं होतं.

बल्ब आणि कॉन्टॅक्टरची कॉइल यांत हाच फरक. कॉइलचा करंट तोडला की रिलेच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते आणि तो नॉइज आसपासच्या ट्रॅकमध्ये (बोर्डवरच्या तांब्याच्या रेषांत) शिरतो. माझ्या बोर्डवर त्याला वाट आयतीच होती. सर्किट काढताना सगळे कपॅसिटर एका कोपऱ्यात ओळीनं काढले होते, बोर्डवरही तसेच ओळीत बसवले. १०४, म्हणजे आयसीचा सप्लाय स्थिर ठेवणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आयसीपासून चार सेंटिमीटर लांब! या आयसीच्या डिप पॅकेजमध्ये (दोन ओळींत पाय असलेल्या प्रकारात) ७ नंबरच्या पिनला व्हीसीसी म्हणजे प्लस सप्लाय आणि ८ ला ग्राउंड, अगदी शेजारी. १०४ चे दोन पाय थेट तिथंच यायला हवेत. शिवाय रीसेटचा ट्रॅक रिलेला खेटून बटणापर्यंत गेलेला, आणि आयसीच्या आत पुल-अप (रीसेट पिन प्लसला ओढून धरणारा रेझिस्टर) असतो म्हणून बाहेरचा मी लावलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामांच्या ओट्यावर बोर्ड उलटा केला. ७ आणि ८ वर १०४ सोल्डर केला, रीसेटचा ट्रॅक ब्लेडनं खरवडून तोडला, १ नंबर म्हणजे रीसेटच्या पिनपासून ७ पर्यंत दहा के (किलोओहम) चा पुल-अप रेझिस्टर लावला, आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-टू (मेन लाइनवर चालणारा) कपॅसिटर असा स्नबर, म्हणजे ठिणगी शोषणारी जोडी. त्यानंतर रीसेट थांबला.

सिनियरना हे सांगितलं तर म्हणाले, "कपॅसिटर लांब आहेत ते मला दिसलं होतं. पण बोर्ड फसल्याशिवाय कुणी शिकत नाही." मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. "१०४ पिनजवळ घे" एवढं म्हणाले असते तरी मी तेवढंच शिकलो असतो. त्यांच्या धड्यासाठी मामांनी का जागायचं? विचारायला आलेल्या माणसापासून दिसलेली चूक लपवणं म्हणजे शिकवणं नव्हे. माझ्याकडे कुणी बोर्ड आणला तर पहिली चूक मी तोंडावर सांगतो.

म्हणून "कसा वाटला?" असं विचारूच नका. "यातलं आधी काय बंद पडेल?" असं विचारा. सोबत सर्किटची पीडीएफ द्या, दोन्ही लेअरची वेगवेगळी चित्रं द्या, आणि प्रत्येक कनेक्टरला काय जोडणार, किती व्होल्ट, किती करंट ते लिहा. नुसतं थ्रीडी चित्र दाखवलंत की "मस्त"च ऐकायला मिळेल. डीआरसी ट्रॅकमधलं अंतर मोजतो. कपॅसिटर कुठल्या पिनसाठी आहे हे त्याला कळत नाही. कुणाला दाखवण्याआधी एकास एक (खऱ्या मापाची) प्रिंट काढून पार्ट कागदावर ठेवून बघा. एएमएस १११७ हा व्होल्टेज रेग्युलेटर वापरला असेल तर त्याचा टॅब (रुंद धातूचा पाय) आउटपुट असतो, ग्राउंड नाही.

कुणाला दाखवायचा? माझं मत, स्टार्टर पॅनेलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला. कुठे काय जळतं ते त्यानं रोज पाहिलेलं असतं.

अर्थात हे सगळं साध्या, कमी स्पीडच्या बोर्डांबद्दल. यूएसबी किंवा अँटेना असेल तर त्यातलाच माणूस शोधा. आणि बोर्डवर २३० व्होल्ट येत असतील तर फोटोवरच्या मतावर विसंबू नका, जाणकाराला समोर बसवून दाखवा. मी आता २३० चे ट्रॅक आणि बाकीचं सर्किट यांत किमान ६ मिलिमीटर सोडतो आणि ग्राउंडचं कॉपर त्या भागात जाऊच देत नाही.