पुलापलीकडचे घर आणि पालिकेची आगोट

अमेय,

तुमचे पत्र मिळाले. ऑगस्टपासून अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पाला नोकरी सुरू होणार, पहिले वर्ष समुद्रकाठच्या एखाद्या बेटावर भाड्याने राहायचे आणि जमले तर तिथेच घर घ्यायचे, असा तुमचा बेत आहे. आणि चार-पाच हजार वस्तीच्या गावाची पालिका वादळात माणसांना सांभाळू शकते का, ही तुमच्या आईंची शंका आहे. तिथल्याच अशा एका गावात मी चौदा वर्षे राहत आहे. सध्या माहीमला आईकडे आलो आहे आणि खाली नालेसफाईचा गाळ रस्त्याकडेला वाळत पडला आहे, त्यामुळे विषय समोरच आहे.

आईंना सांगा की वादळ अंगावर आल्यावर ती पालिका कोणालाही सांभाळत नाही आणि तसा शब्दही देत नाही. तिचे काम वादळाच्या आधी काही महिने आणि नंतर वर्षभर चालते. मधल्या दोन दिवसांत गाव रिकामे असेल, हे गृहीत धरूनच सगळी आखणी केलेली असते. वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा असतो, आणि आपल्याकडे कोळीवाड्यात पावसाळ्यापूर्वी जशी आगोटीची बेगमी होते, तशी तिथल्या पालिकेची आगोट मे महिन्यापर्यंत भरून झालेली असते. फरक इतकाच की तिच्यात सुक्या मासळीऐवजी कंत्राटे असतात.

त्यातले सर्वांत महत्त्वाचे कंत्राट राडारोडा उचलण्याचे. वादळानंतर प्रत्येक गावाला एकाच वेळी ट्रक हवे असतात आणि दर भडकतात, म्हणून निविदा आधीच काढून दर ठरवून ठेवतात. शिवाय त्या कंत्राटदारावर नजर ठेवण्यासाठी दुसरीच कंपनी नेमलेली असते. तिचा माणूस राडारोडा टाकायच्या जागी उंच मचाणावर उभा राहून आत येणारा प्रत्येक ट्रक किती भरला आहे हे वरून पाहतो आणि तशी पावती फाडतो. हा खटाटोप पैशांसाठी असतो. फेमा ही केंद्रीय आपत्ती संस्था अशा खर्चाचा साधारण 75 टक्के भाग परत देते, पण निविदा किंवा पावत्यांत खोट निघाली तर ती रक्कम अडकते, आणि नीट असली तरी यायला कधी कधी वर्षे लागतात. म्हणून गाव निवडताना समुद्राचा देखावा पाहण्याआधी त्या गावाच्या अंदाजपत्रकात राखीव निधी किती आहे ते पाहा. पालिकेच्या बैठका कायद्याने सर्वांना खुल्या असतात. मी पहिली दोन वर्षे एकाही बैठकीला गेलो नाही, याची आता लाज वाटते.

पाण्याची बाजू मुंबईकराला लगेच कळेल. हाजी अली किंवा लव्हग्रोव्हचे पंप ज्या कारणासाठी बसवले, म्हणजे भरतीच्या वेळी पर्जन्यवाहिन्यांतून पाणी बाहेर पडत नाही, तेच दुखणे तिथेही आहे. म्हणून वाहिन्यांच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात आणि हंगामाआधी त्यांत अडकलेले शिंपले-शेवाळ काढतात. सांडपाण्याचे पंप मात्र उधाणाचे पाणी चढण्यापूर्वी मुद्दाम बंद करतात, कारण खारे पाणी चालू यंत्रणेत शिरले तर ती कामातून जाते. मागे राहिलेल्या माणसाच्या घरात म्हणूनच वीज नसते, शौचालय चालत नाही आणि अनेकदा नळही कोरडे असतात.

आदेश कोण देतो, हेही समजून घ्या. गाव खाली करण्याचा आदेश बहुधा काउंटी देते, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय घटक, आणि तो विभागवार असतो. बेटे बहुतेक झोन ए मध्ये येतात, म्हणजे निघण्यात पहिला नंबर. हे विभाग समुद्राचे पाणी कुठवर चढेल यावर आखलेले असतात आणि विम्यासाठीच्या पूरक्षेत्रांचा नकाशा वेगळाच असतो. या दोन नकाशांची गल्लत नवीन माणूस हमखास करतो. वारा सतत ताशी 40 मैलांच्या आसपास गेला की अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका फिरणे थांबवतात. पोलीस कोणाला उचलून नेत नाहीत. अमुक वाजल्यानंतर हाक मारली तरी कोणी येणार नाही, एवढे मात्र दारावर येऊन सांगून जातात.

नकाशावरच्या त्या सुळक्यावर, म्हणजे वादळाच्या संभाव्य मार्गाच्या आकृतीवर, फार विसंबू नका. तो फक्त केंद्राचा मार्ग दाखवतो आणि तेही दर तीन वेळांपैकी साधारण दोनदाच केंद्र त्याच्या आत राहते. पाणी कुठे चढेल हे त्यात नसते. 2022 मध्ये इयान वादळाच्या वेळी सुरुवातीला सगळ्यांचे डोळे टॅम्पाकडे होते, दक्षिणेच्या ली काउंटीने आदेश 27 सप्टेंबरच्या सकाळी काढला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ धडकून फोर्ट मायर्स बीच हे गाव उद्ध्वस्त झाले. हेलीन वादळ तर 26 सप्टेंबर 2024 रोजी आमच्यापासून शंभराहून अधिक मैल दूर समुद्रातून उत्तरेकडे गेले. आमच्याकडे वारा बेताचाच होता, तरी टॅम्पाच्या उपसागरात पाण्याने जुने विक्रम मोडले आणि आमच्या गॅरेजमध्ये ते कमरेपर्यंत चढले.

त्या वेळची माझी चूक सांगतो. आम्ही वेळेवर निघालो, पण पुलावरून परत आत सोडण्यासाठी पालिका रहिवाशांना जो पास देते, गाडीच्या आरशाला अडकवायचा, तो दुसऱ्या गाडीत राहिला आणि ती गाडी त्याच गॅरेजमध्ये होती. पुलाच्या तोंडाशी उन्हात चार तास उभे राहून विजेचे बिल, कराची पावती, जे काही फोनवर सापडले ते दाखवत राहिलो. त्या पोलिसाची काहीच चूक नव्हती. रिकाम्या गावात चोर शिरू नयेत म्हणूनच तो तिथे उभा होता.

आत गेल्यावर प्रत्येक घरापुढे ढीग लावायचे होते: झाडपाला वेगळा, भिंतींचे बांधकाम वेगळे, फ्रिज-वॉशिंग मशीन वेगळे, रंग आणि रसायने वेगळी. आमच्या ढिगावर ओला सोफा होता आणि त्याच्या शेजारी वाळूने भरलेले पुरणयंत्र. ते मात्र बायकोने परत उचलून आणले. हे ढीग उचलून व्हायच्या आत मिल्टन निघाले. तेरा दिवसांत दुसरे वादळ, आणि वाऱ्याबरोबर तोच राडारोडा उडेल या धास्तीने ट्रक रात्रंदिवस चालले. मिल्टन 9 ऑक्टोबरला दक्षिणेकडे ‘सिएस्टा की’ या बेटावर धडकले आणि आमच्या उपसागरातले पाणी उलट ओसरले, हे केवळ नशीब.

घर विकत घ्यायची वेळ येईल तेव्हा पन्नास टक्क्यांचा नियम विसरू नका. पूरक्षेत्रातल्या घराच्या दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या, जमीन सोडून, बाजारभावाच्या निम्मा किंवा अधिक झाला, तर घर आजच्या नियमांत बसवावे लागते, म्हणजे बहुधा खांबांवर उचलावे लागते. वादळानंतर पालिकेचे निरीक्षक दारोदार फिरून हा हिशेब करतात आणि त्यावरून भांडणे होतात. पण हा नियम ढिला सोडणाऱ्या गावाची पूरविम्यातली सवलत धोक्यात येते आणि तो भार सगळ्यांवर पडतो. जुने बैठे घर स्वस्त दिसते ते यामुळेच. विकणाऱ्याकडून घराच्या तळमजल्याच्या उंचीचा दाखला मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे बोलू नका.

यंदा तुम्ही भाडेकरू असाल. घरमालकाचा विमा तुमच्या सामानाला लागू होत नाही आणि भाडेकरूचा नेहमीचा विमा पुराचे नुकसान देत नाही. सरकारी योजनेतून सामानाचा पूरविमा 1 लाख डॉलरपर्यंत मिळतो, पण तो सहसा 30 दिवसांनी लागू होतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पैसे भरलेत तर सप्टेंबर उजाडेल, आणि 10 सप्टेंबरच्या सुमारास हंगाम ऐन भरात असतो. त्यामुळे भाडेकरार हातात पडेल त्या दिवशी आधी विम्याचा अर्ज करा, आणि तोच करार घेऊन पालिकेत पास मागायला जा. पास दोन मागा, दोन्ही गाड्यांसाठी.