मुदत ठेव मोडून टर्नटेबल बांधावा का?

सप्रेम नमस्कार.

कोथरूडहून आपण लिहिले आहे की, शनिवार पेठेतील आजोबांचा वाडा पाडताना निघालेले सागवानी दार आपण जपून ठेवले असून त्याच्या फळ्यांतून स्वतःच्या हाताने टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र, बांधण्याची आपली इच्छा आहे. वडिलांच्या दीडशे रेकॉर्ड, त्यांत बालगंधर्वांच्या काही लाखेच्या जुन्या तबकड्याही, त्यावर वाजवायच्या आहेत. खर्च १,२०,००० रुपये येईल. त्यासाठी २,५०,००० रुपयांची ‘पडून असलेली’ मुदत ठेव मोडावी की वैयक्तिक कर्ज घ्यावे, असे आपण विचारले आहे. ठेवीला हात लावू नये, असे पत्नीचे मत आहे.

पत्नींचे म्हणणे बरोबर आहे. आपल्या हाती दरमहा ९२,००० रुपये येतात; त्यातून ३१,००० गृहकर्जाच्या हप्त्याला, ४०,००० घरखर्चाला आणि १०,००० एसआयपीला, म्हणजे म्युच्युअल फंडातील दरमहाच्या गुंतवणुकीला, जातात. नोकरी अचानक थांबली, तर हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ७१,००० रुपये लागतील. आज ही ठेव साडेतीन महिने पुरेल, त्यातून १,२०,००० काढल्यास दोन महिनेही पुरणार नाही. त्यामुळे तिला पडून असलेली म्हणणे मला मान्य नाही. ती आपल्या घराची एकमेव राखीव रक्कम आहे. कर्जाबाबत फार लिहीत नाही: १४ टक्के दराने दोन वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ५,७६० रुपये होतो आणि एकूण व्याज सुमारे १८,३०० रुपये जाते, म्हणजे जवळजवळ आपल्या यादीतल्या कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) किंमत.

तरीही टर्नटेबल बांधू नका, असे मी म्हणणार नाही. सर्व खर्च वजा जाता आपल्याकडे महिन्याला ११,००० रुपये उरतात. त्यातले ६,००० या कामाला आणि ५,००० राखीव रकमेत, असे ठेवले तर वीस महिन्यांत टर्नटेबलचा खर्च निघेल आणि व्याज न धरताही ठेव साडेतीन लाखांवर जाईल. पत्नींना हा हिशेब कागदावर दाखवावा.

आता खर्चाच्या क्रमाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी जोखीम तिथे आहे. आपल्या यादीत टोनआर्म (सुई धरणारा दांडा) ४५,०००, प्लॅटर (रेकॉर्ड जिच्यावर फिरते ती थाळी) व तो ज्यावर फिरतो ते बेअरिंग २२,०००, कार्ट्रिज १८,०००, मोटर व वेगनियंत्रक १२,०००, फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण संकेत वाढवणारे उपकरण) १०,०००, सुतारकाम ८,००० आणि किरकोळ ५,००० असे आकडे आहेत. टोनआर्म किंवा न वापरलेले कार्ट्रिज उद्या काही किंमत घेऊन विकता येते. लेथवर आपल्या मापाने कातून घेतलेला प्लॅटर मात्र कोणी विकत घेणार नाही, आणि बेअरिंगमध्ये किंचितही ढिलाई राहिली तर घरघर थेट सुईत उतरते. म्हणून पहिल्या सहा महिन्यांच्या ३६,००० रुपयांत प्लॅटर, बेअरिंग आणि मोटर एवढेच घ्यावे आणि ते साध्या प्लायच्या तात्पुरत्या बैठकीवर बसवावे. मग १८० रेघांची गोल चकती कागदावर छापून प्लॅटरवर ठेवावी आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली तो मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने फिरवावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ही ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, म्हणून वेग अचूक असेल तर रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. सरकताना दिसल्या तर वेग चुकला आहे. बैठकीला स्टेथोस्कोप लावून घरघरही ऐकावी. ही परीक्षा उतरल्याशिवाय टोनआर्मच्या ४५,००० रुपयांना हात लावू नये.

जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी एखादा बंद पडलेला टर्नटेबल मिळाला आणि त्याचा टोनआर्म शाबूत असला, तर हा खर्च बराच खाली येईल. आर्म दोन बोटांत हलकेच धरून सांध्यापाशी बाजूला हलवून पाहावा. तिथे खडखड जाणवली तर तो घेऊ नये.

यादीत काही गोष्टी राहिल्या आहेत. लाखेच्या तबकडीची खाच १९४८ नंतरच्या एलपीच्या (जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्डच्या) खाचेपेक्षा सुमारे तिप्पट रुंद असते, त्यामुळे बालगंधर्वांसाठी वेगळी सुई आणि ७८ फेऱ्यांचा वेग देणारा नियंत्रक लागेल. शिवाय सुई झिजते. तिचे आयुष्य १,००० तास धरले आणि आपण रोज दीड तास ऐकत असाल, तर दोन वर्षांच्या आत ती बदलावी लागेल. परदेशातून मागवलेल्या भागांवरील सीमाशुल्कही किमतीत धरावे.

पुढे असे टर्नटेबल बांधून विकण्याचा विचार आपण शेवटच्या ओळीत मांडला आहे. पहिला नग वर्षभर बिनतक्रार चालेपर्यंत आणि त्यावर स्वतःचे किती तास गेले याची नोंद वहीत होईपर्यंत त्यातून एक रुपयाही उत्पन्न गृहीत धरू नये.

सागवान फुकट मिळाले म्हणून खर्च फारसा वाचत नाही, कारण सुतारकाम आपल्या यादीत जेमतेम ८,००० रुपयांचे आहे. पण चुकीचे कापले गेले तर ते दार पुन्हा मिळणार नाही. त्यामुळे फळ्या सर्वांत शेवटी कापाव्यात. त्याआधी सुताराकडून आत तुटून राहिलेले गंजके खिळे शोधून काढून घ्यावेत, नाहीतर रंध्याच्या मशीनचे पाते तुटेल आणि ते आपल्यालाच भरून द्यावे लागेल. तोवर दार भिंतीला टेकवून न ठेवता कोरड्या खोलीत आडवे, खाली तीन सारख्या उंचीच्या पट्ट्या देऊन ठेवावे.